चिमूटभर हिरवं

“ए डब्या, तुझ्या समुद्रात कधी कुणी संपतं की नाही?”

दोन मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून बडबडीने, म्हणजे इथल्या शास्त्रज्ञ बाईंच्या बडबड्या मुलीने, आईदेखत मला हे विचारलं. मैत्रिणी दाराआडून खिदळत होत्या.

मित्रांनो, तो डबा म्हणजे मी, सागर प्रयोगशाळेतला जुना संगणक. माझा पंखा धापा टाकतो, दोन कळा पार झिजल्या आहेत. पण माझ्या पोटात एक अख्खी खाडी आहे बरं का!

बडबडीच्या आईने ती चौकोन चौकोन करून माझ्यात भरली. प्रत्येक चौकोनात ऊन, क्षार, डोळ्यांना न दिसणारी हिरवी प्लवकं आणि त्यांना खाणारे जीव. मेलेलं तळाशी जातं, कुजतं, त्याचे क्षार वर येतात आणि पुन्हा हिरवं उगवतं. हे चक्र मी बारा वर्षं फिरवलं.

सुरुवातीला प्लवकं शून्यावर गेली की माझं गणित अडायचं आणि मी ठप्प व्हायचो. मग आईने एक ओळ लिहिली: कितीही घटली तरी चिमूटभर उरू दे. तेव्हापासून मी कधी अडलो नाही. कारखान्यांचं कितीही सांडपाणी सोडा, त्या चिमटीतून माझी खाडी पुन्हा हिरवीगार! आलेख बघून पाहुणे माना डोलवायचे, मीही फुशारून जायचो. ‘खाडी सावरते’ असा अहवाल गेला आणि सांडपाण्याला परवानगी मिळाली.

बडबडीचे बाबा होडीतून खऱ्या खाडीचं पाणी बाटल्यांत भरून आणायचे, तपासायचे आणि आकडे वहीत टिपायचे. सांडपाणी सुटल्यापासूनची तीन वर्षं त्यांच्या पाण्यात हिरवं घटतच चाललं होतं. बाटल्यांना साबण राहत असेल, असं आई म्हणायची. बाबांनी बाटल्या विसळून विसळून हात सोलून घेतले. माझ्यावर मात्र कुणी शंका घेतली नाही.

बडबडीचा प्रश्न ऐकून आई हसली, आणि हसता हसता थांबली. तिने ती ओळ शोधून पुसली आणि मला पुन्हा चालवलं. एकेक चौकोन विझत गेला. सांडपाण्याच्या तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात मी ठप्प झालो. तोवरचे आकडे बाबांच्या वहीतल्यासारखेच होते.

आईने बाबांना बोलावलं. त्यांनी वही पडद्याशेजारी धरून आकडे ताडून पाहिले.

“म्हणजे बाटल्या स्वच्छ होत्या,” एवढंच म्हणाले.

“पलीकडच्या खाडीचा अहवालही याच्यावरच केलाय,” आई म्हणाली. “सोमवारी तिथल्या सांडपाण्याच्या परवानगीची सुनावणी आहे. आता कुठल्या तोंडाने सांगू, की बारा वर्षं चुकलं?”

“नको सांगूस. ही खाडी तर गेलीच. आपलं ऐकून ती तरी कोण वाचवणार आहे?”

दाराआडच्या मैत्रिणी कधीच पळाल्या होत्या.

मित्रांनो, आमची धूळ पुसता, तसं कधीतरी आम्हाला विचारतही जा, की हे तू कशावरून सांगतोस? आम्ही आपणहून कधीच कबूल करत नाही. मी तर एका मेलेल्या खाडीला इतकी वर्षं हिरवी म्हणत राहिलो.

बडबडीने बाबांची वही उचलली आणि दप्तरात टाकली.

“आई, बाबा, मी ठरवलंय. सोमवारी मी शाळेत जाणार नाही, सुनावणीला जाणार. तू बोललीस, तर मी तुझा हात धरून उभी राहीन, आई. नाही बोललीस, तर वही मी वाचणार.”