विद्याधररावांचा सरडा

विद्याधररावांनी उजवा हात नकाशे काढायच्या टी-स्क्वेअरच्या लांब पट्टीवर ठेवला आणि रुमालाची गाठ दातांनी आवळली. एक गाठ मनगटाशी, दुसरी कोपराच्या अलीकडे. मग पट्टीसकट तो हात उचलून त्यांनी जाळीच्या कपाटात घातला आणि पेरूच्या फांदीजवळ नेऊन धरला. बोटांच्या चिमटीत एक नाकतोडा होता.

फांदीवरच्या सरड्याने एक डोळा नाकतोड्याकडे वळवला. दुसरा पट्टीवरच रोखलेला. त्याचा गळा फुगला, हिरवं अंग बघता बघता काळवंडलं, आणि तोंड वासून त्याने असा फुत्कार सोडला की नाकतोडा चिमटीतून सुटला आणि थेट मालनबाईंच्या सुपात जाऊन पडला.

"झालं!" मालनबाई म्हणाल्या. "अहो, लग्नाच्या अक्षता आहेत या. व्याह्यांना काय सांगू, आमच्यात नाकतोडे घालतात म्हणून?"

"हात हलला का?" नवऱ्याने विचारलं.

त्यांनी मान खाली घालून तांदूळ पाखडले. "नाही हलला," त्या म्हणाल्या. खरं तर हाताबरोबर पट्टीसुद्धा थरथरत होती, आणि ते दोघांनाही दिसलं होतं.

विद्याधर दिघ्यांचं उभं आयुष्य रेघा मारण्यात गेलं होतं. कचेरीत एखाद्या पुलाचा नकाशा आला, की साहेब तो दुसऱ्या कुणाच्या टेबलावर जाऊ देत नसत. शाईची रेघ अशी यायची की पाहणाऱ्याला ती छापलेली वाटावी. मग कधीतरी बोटांत कंप शिरला. आधी तो चहाच्या बशीत दिसला, नंतर नकाशावर. तयार नकाशावर शाईचा ओघळ गेला त्या दिवशी कुणी चकार शब्द बोललं नाही, आणि तेच त्यांच्या जिव्हारी लागलं. मुदतीआधीच त्यांनी नोकरी सोडली आणि मुलुंडच्या घराच्या ओटीवर येऊन बसले. लोकांकडे चहाला जाणंही सोडलं.

अशात मुलीचं, कुंदाचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, घर चांगलं, सगळ्यांना आनंद. विद्याधररावांना मात्र एकाच गोष्टीने घेरलं होतं. कन्यादानाच्या वेळी खाली काशाचं भांडं असतं, त्यावर वराची ओंजळ, तिच्यावर वधूची आणि सगळ्यांच्या वर वधूच्या बापाची. आई वरून धार धरते आणि पाणी एका ओंजळीतून दुसरीत उतरत जातं. भरल्या मांडवात आपली ओंजळ लटलट कापणार, पाणी भलतीकडेच सांडणार, आणि बायका एकमेकींकडे बघणार. त्यांनी धाकट्या भावाला, नंदकुमारला सांगून टाकलं होतं, की कन्यादानाला तू आणि जयंती, तुम्ही नवराबायकोच बसा. कुंदा तेव्हा दारातच उभी होती. ती तशीच आत निघून गेली.

सरडा आला तो त्यानंतर. घरामागचा शेवगा वाऱ्याने मोडून पडला, त्याच्या फांद्यांत तो कुंदाला सापडला. कुंपणावर मान हलवतो तो नव्हे; हा शेपटीची गुंडाळी करणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा, रंग बदलणारा. इतकं भित्रं जनावर विद्याधररावांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी मनाशी ठरवलं: ज्या दिवशी हा आपण होऊन आपल्या हातावर येईल, त्या दिवशी हात ताळ्यावर आला असं समजायचं आणि कन्यादानाला स्वतः बसायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण घर केवढंसं. सगळ्यांना ते ठाऊक होतं. कुंदा गुपचूप मागच्या गवतातून नाकतोडे धरून आणायची.

रोज सकाळी हात कपाटात जायचा. कधी कोपर खुर्चीच्या दांड्यावर दाबून, कधी मनगट डाव्या हाताने पकडून, आणि शेवटी ही पट्टी. सरडा आताशा पळत नसे, पण जवळही येत नसे. पाऊल उचलण्याआधी तो दर वेळी जागच्या जागी मागेपुढे डुलायचा, तेव्हा विद्याधररावांना वाटायचं, यालाही बिचाऱ्याला माझंच दुखणं.

लग्न तोंडावर आलं तसा नंदकुमार घाटकोपरहून येऊन गेला. मोठ्या भावाचा तो उद्योग बघून त्याला हसू आवरेना.

"बघू रे दादा, माझ्याकडे येतो का."

त्याने हात आत घातला. कसा ठाम, खांबासारखा हात! सरडा क्षणात काळाठिक्कर पडला आणि त्याने बोटाचा असा चावा घेतला की नंदकुमार कपाटावर आदळला.

"च्यायला, हे काय पाळायचं जनावर आहे?" बोट चोखत तो म्हणाला. मग जरा वेळाने, आवाज उतरवून: "दादा, भटजींना काय सांगू? आम्हीच बसू ना?"

"बसा," विद्याधरराव म्हणाले.

तो गेला. सरड्याचं पाणी राहिलंय हे आठवलं, तेव्हा विद्याधरराव उठले. ओल्या फडक्याने पानांवर पाणी शिंपडलं आणि फडकं खाली ठेवलं. आता पट्टी नको नि गाठी नकोत. हात फांदीला टेकवून ते नुसते उभे राहिले. धरून ठेवायचंच कशाला आता? हात मनसोक्त कापू लागला. फांदी हलली, पानं हलली, पानांवरचे थेंब हलले.

सरड्याने दोन्ही डोळे एकदम त्यांच्याकडे वळवले. तो डुलू लागला. मागे, पुढे, मागे, पुढे, हाताच्या कंपाशी ताल जुळेपर्यंत. मग एक पाय उचलून त्याने तर्जनीवर ठेवला. चिमट्यासारखी पकड, पण नखं बोचली नाहीत.

दारात पाऊल वाजलं. कुंदा नाकतोड्यांची पुडी घेऊन आली होती. मुलीने पाहिलं या जाणिवेने विद्याधररावांनी श्वास रोखला आणि सगळा जोर लावून हात ताठ केला. सरडा थबकला. त्याच्या कुशीवर काळे ठिपके उमटायला लागले.

"हलू द्या, अण्णा," कुंदा हळूच म्हणाली. "हलू द्या ना."

त्यांनी हात सैल सोडला. ठिपके विरले. सरडा एकेक पाय टाकत बोटांवरून मनगटावर आला आणि तिथे, त्या कापणाऱ्या मनगटावर, शेपूट गुंडाळून विसावला. शेवग्याच्या कोवळ्या पाल्यासारखा हिरवा झाला.

विद्याधररावांचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा होता, पण त्यांनी पुसले नाहीत.

"काकाला निरोप पाठव," ते म्हणाले. "त्याने पंगतीकडे बघावं म्हणावं."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी सरडा मागच्या बोरीच्या झाडावर सोडला. हातावरून उतरायला त्याने बराच वेळ घेतला. विद्याधररावांनीही घाई केली नाही.

मुहूर्ताला मांडव गच्च भरला होता. काशाच्या भांड्यावर ओंजळीवर ओंजळ आली. मालनबाईंनी उजव्या हातात झारी धरली आणि डावा हात, कुणाला दिसू नये असा पदराआडून, नवऱ्याच्या मनगटाकडे नेला.

"नको," विद्याधरराव म्हणाले. "तू धार धर."

धार पडू लागली. हात कापला. पहिलं पाणी जावयाच्या सोवळ्यावर उडालं, कुणीतरी चुकचुकलं. नंदकुमार एक पाऊल पुढे सरकला आणि तिथेच थांबला. विद्याधररावांनी नजर वर केली नाही. ते फक्त खालच्या दोन ओंजळींकडे बघत होते.

कुंदाचे मेंदीने रंगलेले हात हलायला लागले होते. भिऊन नव्हे. बापाच्या हाताबरोबर, त्याच्याच चालीने, मागे आणि पुढे. खाली जावयाने एकदा तिच्याकडे चमकून पाहिलं आणि मग त्याची ओंजळही तिच्यामागोमाग हलू लागली.

मालनबाईंनी धार धरूनच ठेवली. पाणी आता भांड्यात पडत होतं.