कार्डांचा डबा

धुलाई कारखान्याचा भोंगा वाजला तशा बायका इस्त्रीच्या टेबलांशी उभ्या राहिल्या. आज मुकादम पत्र्याचा डबा घेऊन फिरत होता.

"चला, मतदानाची कार्डं टाका. घरच्यांचीपण! परवा पगारी सुट्टी."

दर निवडणुकीला हे असंच चालायचं. मालक सगळ्यांची कार्डं 'सांभाळायला' घ्यायचे आणि निकालानंतर परत करायचे. मधल्या काळात त्या कार्डांवर कोण रांगेत उभं राहतं, हे कुणी विचारत नसे. जबरदस्ती म्हणाल तर अजिबात नव्हती. उलट उन्हात ताटकळणं वाचतं म्हणून बायका मालकांना दुवाच देत. बावीस वर्षं चादरींना इस्त्री करणारी मावशी त्यात सगळ्यांच्या पुढे असे.

तिने तीन कार्डं टाकली. आपलं, मुलाचं आणि सुनेचं. सुनेचं कार्ड नवंकोरं होतं.

"आई, मला एकदा जायचंय हो. कसं करतात ते बघायचंय," सून सकाळीच म्हणाली होती.

"बघायला काय तमाशा आहे का तिथे? चौथा महिना लागलाय तुला, घरी पड निवांत," असं म्हणून मावशीने तिच्या हातातून कार्ड घेतलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी शाळेतल्या बाई उभ्या होत्या. मालकांच्या भावाविरुद्ध त्याच निवडणूक लढवत होत्या.

"ते निवडून आले तर आपलं प्रसूतिगृह पाडून तिथे दुकानं काढणार आहेत," बाई म्हणाल्या. "तुमच्यातल्या बहुतेकींची पोरं तिथेच झाली ना?"

मावशीने हातातला घास परत डब्यात ठेवला. प्रसूतिगृह घरापासून दोन गल्ल्यांवर होतं. तिचा मुलगा तिथलाच. सुनेचं नावही तिथेच घातलं होतं. ती हात न धुताच मालकांच्या खोलीत गेली.

"मालक, माझी कार्डं तेवढी परत द्याल का?"

मालक रागावले असते तर ती कदाचित भांडली असती. ते हसले. "काय मावशी, बावीस वर्षांनी माझ्यावरचा विश्वास उडाला होय?"

"अहो, तसं कसं होईल!" मावशी कानकोंडी झाली आणि मागे फिरली. एवढ्या एका वाक्याने ती कार्डं तिथेच सोडून आली, याचा ही गोष्ट सांगताना मला आजही संताप येतो.

मतदानाच्या दिवशी मात्र तिला घरात बसवेना. घरातलं दुसरं ओळखपत्र शोधून ती केंद्रावर गेली. तासभर रांगेत उभी राहिली. केंद्रावरच्या साहेबांनी मतदारयादीवर बोट फिरवलं.

"मावशी, तुमचं मत सकाळीच पडलंय. हा बघा अंगठा."

"अहो साहेब, मला सही येते! पगार मी सही करून घेते. मी कशाला अंगठा उठवू?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या रांगेकडे पाहिलं. त्यांना कळलं नाही असं नाही. "गर्दी आहे हो. पुढच्या वेळी लवकर या." लेखी तक्रार करता येते, हे तिला ठाऊक नव्हतं. साहेबांना ठाऊक होतं, पण ते गप्प बसले.

बाई एकशे दोन मतांनी पडल्या. त्या डब्यात दीडशेच्या वर कार्डं होती.

तीन महिन्यांत प्रसूतिगृहाला कुलूप लागलं. सुनेला दिवस भरायच्या आधीच भरदुपारी कळा सुरू झाल्या. मोठं इस्पितळ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. रिक्षा दोनदा गर्दीत अडकली. मावशी तिचं डोकं मांडीवर घेऊन "झालं, आलंच," म्हणत राहिली. इस्पितळ आलं, पण उशिरा. मुलगी होती. ती रडलीच नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अर्धा तास आधी आणायचं होतं."

सून घरी आली. तिने सासूला एका शब्दाने बोल लावला नाही. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं मावशीला रोज वाटे.

आठव्या दिवशी दारात गाडी थांबली. मालकांचे भाऊ, आता नगरसेवक, मुकादमाला घेऊन भेटायला आले. खुर्चीच्या कडेवर बसून चेहरा पाडून म्हणाले, "फार वाईट झालं. काही लागलं तर हक्काने सांगा. तुमच्या घरची तिन्ही मतं मला पडलीत, मी विसरलेलो नाही."

सुनेने मान वळवून सासूकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून तिने असं कधी पाहिलं नव्हतं. मग तिने भिंतीकडे तोंड केलं.

नगरसेवक निघाले. मावशी त्यांना सोडायला दारापर्यंत गेली आणि बावीस वर्षांच्या सवयीने तिचे हात जोडले गेले.