पत्रव्यवहारासाठी नाव

तोकिए-सान जपानमधल्या आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रकाशकांचे करार बघतात आणि मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून कुरकुर करतो. करार साधा आहे. परदेशी प्रकाशकाला ग्रंथालय वर्षाला एकदाच पैसे देतं. त्यात आम्हाला त्याची नियतकालिकं वाचायला मिळतात आणि आमच्या संशोधकांचे त्यातले लेख जगात कुणालाही फुकट वाचता येतात. संशोधकाच्या खिशाला चाट नाही. यासाठी बाईंनी तीन वर्षं डोकेफोड केली. मी तेव्हा म्हणालो होतो, "कशाला नसती उठाठेव?"

मार्चमध्ये आमच्याच विद्यापीठातली तरुण संशोधक शिहो कुरामोतो आली. मोत्यांचे शिंपले का मरतात, यावर तिचा पहिला लेख. खाडीतल्या मोतीवाल्यांनी तिला मेलेले शिंपले बादल्या भरभरून दिले होते. लेख त्यांना वाचता यावा, एवढंच तिचं म्हणणं. शेवटच्या दुरुस्त्या त्या प्रकाशकाला शुक्रवारी पाठवायच्या होत्या.

तोकिए-साननी लेखाचं पहिलं पान पाहिलं आणि चष्मा काढला. "पत्रव्यवहारासाठी इवाकिरी सेन्सेईंचं नाव?"

"मग काय माझं घालू? गुरू आहेत ते माझे!"

"अगं, ते निवृत्त झालेत! पत्रव्यवहार करणारा आपल्या विद्यापीठातला असेल तरच करार लागू होतो. लेख एकदा स्वीकारला की नाव बदलत नाहीत. मग लेखाला बसेल कुलूप, पैसे भरेल त्यालाच उघडेल."

"पण त्यांच्या तोंडावर कसं सांगू, तुमचं नाव काढते म्हणून?" शिहो रडकुंडीला आली.

आमच्याकडे लेख शिष्यानं लिहायचा आणि त्याबद्दलची पत्रं गुरूला, म्हणजे सेन्सेईंना, यायची, असंच चालत आलंय. मीही म्हणालो, "राहू द्या ना, म्हाताऱ्याचं मन कशाला मोडता?"

"तुम्ही पुस्तकं लावा," तोकिए-सान म्हणाल्या आणि पोरीला घेऊन बसनं सेन्सेईंच्या घरी गेल्या. अशा बाईच्या शेजारी बसायला मिळतं, याचा मला अभिमान आहे. तोंडावर कधी म्हणालो नाही, ते वेगळं.

सेन्सेईंनी आधी दोघींना चहा ओतला म्हणे. मग संमतीपत्रावर शिक्का उमटवून एवढंच म्हणाले, "चहा गार होतोय." सर दुखावले, असं धरून शिहो परतली.

जूनमध्ये लेख खुला झाला. मोतीवाल्यांनी होडीत बसून, मोबाइलवर भाषांतर करून तो वाचला. आणि शिहोला तिच्या नावानं पहिलं पत्र आलं. ते घेऊन ती धावतच आमच्याकडे आली.

"कुरामोतो सेन्सेई यांस. निवृत्त झाल्यापासून माझ्यासाठी बहुतेक नियतकालिकं बंदच आहेत. तुमचा लेख मात्र उघडला. तिसऱ्या तक्त्याबद्दल एक शंका विचारू का? इवाकिरी."

तोकिए-साननी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मी मागून घेऊन वाचलं.