आई बाईसाहेब चालवायला शिकली

माझे बाबा वजनकाटे दुरुस्त करतात. एखाद्या दुकानातला काटा खोटं बोलायला लागला, मग तो आपणहून असो की दुकानदाराच्या शिकवणीमुळे, की बाबांना बोलावणं येतं. ते पितळी वजनांची पेटी घेऊन जातात, काट्याचा पासंग काढतात, म्हणजे रिकामी पारडी एका पातळीत आणतात, आणि दुकानदाराशी हवापाण्याच्या गप्पा मारून घरी येतात. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यातली चौतीस वर्षं ती पेटी एकाच गाडीच्या डिकीत बसून गावभर फिरली.

माझ्या जन्माच्या वर्षी बाबांनी ती गाडी एका निवृत्त न्यायाधीशांकडून घेतली, आणि तेव्हाही ती जुनीच होती. गोल दिवे, सायीसारखा रंग, पुढे बाकासारखी सलग सीट, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला चिकटलेला. बाबा तिला बाईसाहेब म्हणत. थंडीच्या दिवसांत ती सकाळी सुरू व्हायला तयार नसे. बाबा बॉनेटवर हात ठेवून म्हणत, "बाईसाहेब अजून उठल्या नाहीत," आणि आई फाटकाशी उभी राहून घड्याळ बघे. आई छापखान्यात मुद्रितं तपासायची. चार अक्षरी शब्दातली पाचवी चूक शोधणारी बाई अशी तिची तिथे ख्याती होती. गाडीत ती बाबांच्या शेजारी मांडीवर कागद घेऊन बसे, आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याची नोंद त्या कागदावर लाल शाईत उमटे.

बाईसाहेब दुसऱ्या कुणालाही चालवता येत नाहीत, हे आमच्या घरात गृहीतच होतं. मला लायसन्स मिळालं तेव्हा मी एकदा चावी मागितली. बाबा म्हणाले, "ती ऐकत नाही गं कुणाचं." तिथे विषय संपला. आईने तर कधी मागितलीच नाही.

गेल्या वर्षी ते दोघं आत्याकडे निघाले होते. सकाळचे अकरा वाजले असतील. गावाबाहेरच्या लांब चढावर बाबांनी अचानक गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?" आईने विचारलं.

"रस्ता फिरतोय," बाबा म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं आणि डोळे मिटले होते.

आईने त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं, ओला रुमाल कपाळावर ठेवला आणि मला फोन केला. मी पोहोचेपर्यंत दोन तास गेले. मधे एका ट्रकवाल्याने आपणहून गाडी खाली नेऊन देतो म्हटलं. तो मोठ्या ऐटीत बसला, गिअरचा दांडा त्याने चारी दिशांना फिरवून पाहिला, आणि बाईसाहेब सरळ मागे, नाल्याच्या दिशेने निघाल्या. आईने दार उघडून हँडब्रेक ओढला तेव्हा ट्रकवाला म्हणाला, "मावशी, ही गाडी आहे का शिवणयंत्र?" आणि पाणी पिऊन निघून गेला.

मी टॅक्सीने गेले आणि दोघांना घेऊन आले. गाडी तिथेच ठेवावी लागली, ती दुसऱ्या दिवशी ओढून आणली. टॅक्सी वळेपर्यंत बाबा मागच्या काचेतून बघत होते. आई समोर बघत होती. छापखान्यात एखादी चूक सापडली की तिचे ओठ जसे दुमडत, तसे दुमडलेले होते.

डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो बिघडलाय. औषधाने बरं वाटेल, पण चक्कर पुन्हा कधी येईल ते सांगता यायचं नाही. तेव्हा गाडी चालवायची नाही, निदान वर्षभर, आणि खरं सांगायचं तर यापुढे नाहीच.

"म्हणजे माझ्यातच पासंग आला," बाबा म्हणाले. डॉक्टरांना ते कळलं नाही. आई मात्र हसली.

त्या रविवारी मी आणि माझा नवरा त्यांच्याकडे गेलो. आम्ही घरून ठरवूनच गेलो होतो. बाईसाहेब विकाव्यात, एक लहान, गिअर नसलेली गाडी घ्यावी, आणि ती आईने शिकावी. गिऱ्हाईक तर तयारच होतं. गावातले दातांचे डॉक्टर दहा वर्षांपासून गाडी मागत होते. बाबांची दाढ काढतानासुद्धा त्यांनी विषय काढला होता, आणि बाबांचं तोंड उघडं असल्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नव्हतं.

मला वाटलं होतं बाबा रागावतील. पण ते लगेच म्हणाले, "विकूया. माझी हरकत नाही." इतक्या लगेच की त्यांनी ते वाक्य आधीच पाठ करून ठेवलेलं असावं.

"माझी आहे," आई म्हणाली.

आम्ही तिघंही तिच्याकडे बघायला लागलो. ती मटार सोलत होती, आणि तिचा हात थांबला नव्हता.

"मी शिकते. पण हीच शिकते. मला चालवता येत नाही म्हणून गाडी विकली, असं मला नको आहे."

"अगं, तिचा क्लच किती जड आहे," बाबा म्हणाले. "तुला नाही जमायचं."

"ते बघू," आई म्हणाली.

एकसष्टाव्या वर्षी तिने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तिथली मास्तरीण तिच्या निम्म्या वयाची होती. आईने पहिल्याच दिवशी त्यांच्या पाटीवरचं 'प्रशीक्षण' दाखवून दिलं, आणि तेव्हापासून मास्तरीण तिला जरा बिचकूनच शिकवायची. आई पहिल्या परीक्षेत नापास झाली, कारण लाल दिव्याची वाट न बघता ती पिवळ्यालाच थांबली आणि मागच्याने ठोकलं. दुसऱ्या परीक्षेत पास झाली. त्या संध्याकाळी तिने लायसन्स जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि बाबांना म्हणाली, "अहो, उद्यापासून तुमच्या बाईसाहेब."

बंद पडलेल्या एका गोदामाच्या मोकळ्या आवारात त्यांची शिकवणी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात दोघांच्याही नाकीनऊ आले. मी एकदा बघायला गेले होते. गाडी बेडकासारखी चार उड्या मारून बंद पडली.

"ऐक तिचं," बाबा म्हणाले. "ती सांगते तुला क्लच कधी सोडायचा ते."

"काय सांगते?"

"आवाज बदलतो."

"कसा बदलतो? शब्दांत सांगा."

 बाबांना ते सांगता येईना. चौतीस वर्षं त्यांच्या हातापायांना जे माहीत होतं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी तीन पानं लिहून काढली. चोक किती ओढायचा, दांडा आपल्याकडे ओढून खाली केला की पहिला गिअर, ब्रेक पावलाने नाही तर अख्ख्या पायाने दाबायचा. आईने ती पानं वाचली आणि लाल पेनाने खुणा करून परत दिली. 'हळूच म्हणजे किती?' 'थोडं थांबून म्हणजे कितीपर्यंत मोजून?' 'हे वाक्य वरच्याशी विसंगत.' बाबांनी पुन्हा गाडीत बसून, इंजिन बंद ठेवून, एकेक गोष्ट करून बघितली आणि पानं नव्याने लिहिली. ती लिहिताना त्यांना मजा येत होती असं आईने मला नंतर सांगितलं. त्या महिन्यात ते दोघं एकमेकांशी जितकं बोलले तितकं मी माझ्या आठवणीत त्यांना बोलताना पाहिलं नव्हतं.

अडीच महिन्यांनी आई त्यांना घेऊन आत्याकडे गेली, त्याच चढावरून. मी मागे बसले होते. तिने गिअर वेळेवर बदलले, वळणावर ब्रेक आधीच दाबला, एका बसला शांतपणे वाट दिली. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते आणि त्यांचा उजवा पाय समोर नसलेला ब्रेक दाबत होता. चढ संपला तेव्हा त्यांनी पाय सैल सोडला. आत्याने दारात येऊन स्टिअरिंगवर कोण आहे ते पाहिलं आणि आईची दृष्टच काढायची बाकी ठेवली.

परतल्यावर आईने गाडी छपराखाली नीट लावली, चावी काढली, पण ती खाली उतरली नाही.

"आली मला," ती म्हणाली.

"उत्तम आली," बाबा म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

"पण मला नाही आवडत."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मी दाराच्या हँडलवर हात ठेवला होता, तो तसाच राहिला.

"खांदे भरून येतात. पायाशी इंजिनाची धग लागते. बोललेलं ऐकू येत नाही. पेट्रोलच्या वासाने माझं डोकं चढतं, ते पहिल्यापासूनच चढतं." ती शांतपणे सांगत होती, दुरुस्त्या वाचून दाखवाव्यात तशी. "इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्हाला हिच्यात काहीतरी मिळतं आणि ते मला मिळत नाही. आता मिळालं. मला ते नको आहे."

"मग हे सगळं कशाला केलंस?"

"शिकल्याशिवाय मला हे म्हणता आलं नसतं. म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, तुला काय कळतंय त्यातलं."

 बाबांना लागलं होतं, हे त्यांच्या कानांच्या पाळ्यांवरून कळत होतं. त्या लाल होतात. मग ते म्हणाले, "मला वाटायचं तुला आवडते ही."

"मी कधी म्हटलं?"

"नाही असंही कधी म्हटलं नाहीस."

"ते खरं आहे," आई म्हणाली. "माझी चूक. या सीटची स्प्रिंगसुद्धा मला टोचते. माझ्या बाजूची."

"किती वर्षं?"

"मुलगी बालवाडीत होती तेव्हापासून."

बाबा आता त्याच बाजूला बसले होते. त्यांनी आपल्याखाली हात घालून सीट चाचपली. मग खाली वाकून बघितलं. ते वर आले तेव्हा हसत होते, पण डोळे ओले होते. "चाळीस वर्षं लोकांचे काटे तपासतोय मी," ते म्हणाले.

 दोन दिवस ते वजनं काढून पुसत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आईच्या बाजूची सीट उसवली आणि ती स्प्रिंग बदलली. आईने विचारलं, आता कशासाठी, तर म्हणाले, "देताना गाडीत दोष नको." मग त्यांनी दातांच्या डॉक्टरांना स्वतः फोन लावला.

डॉक्टर दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवून आले. त्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि दिव्यांवरून बोट फिरवलं. पण चालवायला बसले तेव्हा ट्रकवाल्यासारखीच त्यांचीही गत झाली.

"तुम्ही शिकवाल ना?" त्यांनी बाबांना विचारलं.

"मी नाही," बाबा म्हणाले. "ही शिकवील. माझ्यापेक्षा तिला जास्त नीट सांगता येतं."

चार दुपारी आईने डॉक्टरांना शिकवलं. बाबा मागे बसत. त्यापूर्वी ते त्या गाडीत मागे बसले होते ते फक्त चक्कर आली त्या दिवशी, तेही आडवे. आता सरळ बसून, काच खाली करून ते बाहेर बघत राहत. तिसऱ्या दुपारी ते मला म्हणाले, "मागून हे गाव वेगळंच दिसतं गं. तुला लहानपणापासून असं दिसत होतं का?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "मला सांगायचं नाही का."

शेवटच्या दिवशी डॉक्टर गाडी घेऊन निघाले. कोपऱ्यावर त्यांनी गिअर बदलला, जरासा खरखराट झाला, आणि आई व बाबा दोघांचेही चेहरे एकदमच आक्रसले. मग आवाज लांब गेला. बाबा थोडा वेळ रिकाम्या छपराखाली उभे राहिले आणि जमिनीवरच्या तेलाच्या डागावर भुसा टाकायला लागले.

नवी गाडी राखाडी आहे. तशा आमच्या गल्लीतच पाच आहेत. बाबांनी पहिल्याच दिवशी बॉनेट उघडलं, आत सगळीकडे झाकणंच झाकणं दिसली, आणि त्यांनी बॉनेट परत लावलं. पहिले पंधरा दिवस त्यांनी तिला नावं ठेवली. आवाज नाही, वास नाही, गाडीत बसलोय की दिवाणखान्यात तेच कळत नाही. आई ऐकून घेई. ती त्यांना दुकानादुकानांत सोडते, वजनांची पेटी दोघं मिळून उचलतात, आणि बाबांचं काम होईपर्यंत ती गाडीत मुद्रितं तपासते. निवृत्त झाली तरी छापखाना तिला घरी कागद पाठवतोच.

परवा मीही त्यांच्याबरोबर होते. गावाबाहेरच्या एका किराणा दुकानात जायचं होतं, अर्ध्या तासाचा रस्ता. पहिल्या दहा मिनिटांतच बाबांचं बोलणं थांबलं. मी पुढे वाकून बघितलं तर त्यांची मान काचेला टेकलेली, तोंड किंचित उघडं. चालत्या गाडीत बाबा झोपतात हे मला माहीत नव्हतं, आणि त्यांना तरी कुठून माहीत असणार.

"रोज झोपतात," आई हळू आवाजात म्हणाली.

दुकानासमोर तिने गाडी थांबवली. दुकानदार बाहेर येऊन हात हलवायला लागला. आईने त्याला बोटाने थांबायची खूण केली, काच अर्धी खाली घेतली आणि लाल पेनाचं टोपण काढलं.