पापिनचा कुकर आणि आमच्या घरचं वरण

माझ्या आयुष्यात एक अख्खा हिवाळा असा गेला की मी एकही थाप मारली नाही. तुम्हाला हे पटणार नाही, मला ओळखणाऱ्यांपैकी तर कोणालाच पटलेलं नाही. पण २०१६ सालचा तो हिवाळा, म्हणजे इथला, न्यूझीलंडचा, जून-जुलैचा, मी शुद्ध सत्यावर काढला. पथ्याच्या भातावर काढावा तसा.

पुण्यातल्या एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालो आणि आम्ही दोघं मुलीकडे ऑकलंडला, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात राहायला आलो. घर एवढं मोठं की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला कोणी 'सत्यं' म्हणत नाही. सकाळी सगळे गाड्या काढून मोटरवेला लागले की रस्त्यावर चिटपाखरू उरत नाही. समोरचा शेजारी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवताना 'किआ ओरा', म्हणजे इथला नमस्कार, म्हणतो, मीही म्हणतो, की दिवसभराचं बोलणं आटोपलं. सुलेखा, म्हणजे आमची सौभाग्यवती, लग्नापासून माझ्या गोष्टी ऐकते आहे, त्यामुळे आता ऐकत नाही.

म्हणून महिन्यातला दुसरा शनिवार हा माझा सण. बॉटनी डाउन्सला एका हॉलमध्ये आमचं मराठी मंडळ जमायचं. घरोघरचे डबे यायचे आणि जेवणाआधी एक तास मी विज्ञानाच्या इतिहासातल्या गोष्टी सांगायचो. कुठल्या शोधामागे कोण वेडा होता, कोणाच्या भुवया जळल्या, कोणाला शेजाऱ्यांनी वाळीत टाकलं. तेवढा एक तास माणसं माझ्याकडे बघायची. तो गेला असता तर मला उरला असता फक्त शेजाऱ्याचा बिन.

घोटाळा ताकाने केला. हवेचा दाब मोजणाऱ्या इटालियन पंडिताने पाऱ्याच्या आधी नळीत ताक भरून पाहिलं होतं, असं मी एकदा सांगून बसलो. हॉल हसला, मीही खूश. पण मंडळातल्या गुरुदत्तच्या मुलीने, सिद्धीने ते शाळेतल्या भाषणात जसंच्या तसं म्हटलं, आणि बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, हे तू कुठे वाचलंस? पोरगी रडत घरी आली. गुरुदत्त आयटीतला, शांत माणूस. पण तेव्हापासून मी त्याला वेळ सांगितली तरी तो स्वतःच्या घड्याळात बघून घ्यायचा.

मंडळाचे कार्यक्रम निशिगंधा ठरवते. ती हॉस्पिटलात फार्मसिस्ट. पुढच्या वेळी तिने मला चहाच्या टेबलाशी गाठलं.

"काका, मी भरलेलं औषध दुसऱ्या कोणी तपासल्याशिवाय वॉर्डात जात नाही," ती म्हणाली. "तुमच्या गोष्टीही आता तशाच जाणार. मी पुढे बसते फोन घेऊन. एक थाप सापडली की हा तास झुंबा डान्सला. ती शिकवणारी बाई कधीची विचारतेय."

मी म्हटलं, तपास बाई. दुसरं म्हणणार काय?

जूनमध्ये मी हँबुर्गच्या ब्रांटची गोष्ट घेतली. या गृहस्थाला लघवीतून सोनं काढायचं होतं. रंग सारखा, म्हणून. त्याने पिंपंच्या पिंपं जमवली, कुजवली, आटवली, आणि भांड्यात सापडलं ते अंधारात आपोआप उजळणारं फॉस्फरस. मागच्या टेबलावर बटाटेवडे वाट बघत होते. नात इशिता म्हणाली, "आबा, दॅट्स सो ग्रॉस." गुरुदत्तने नुसती मान हलवली, म्हणजे काका, सुधारला नाहीत. सगळ्या माना निशिगंधाकडे वळल्या. तिचा अंगठा फोनवर सरकला, थांबला, पुन्हा सरकला.

"खरं आहे," ती म्हणाली. रिपोर्ट नॉर्मल आल्याचं तिला जरा वाईटच वाटलेलं दिसलं.

जुलैमध्ये मी डेन्मार्कच्या ज्योतिर्विदाची गोष्ट सांगितली. द्वंद्वयुद्धात त्याचं नाक कापलं गेलं, मग तो धातूचं नाक चिकटवून ग्रह-तारे मोजायचा. त्याच्याकडे एक पाळीव सांबर होतं, ते मेजवानीत बिअर ढोसून जिन्यावरून पडलं आणि मेलं. या वेळी कोणी माझ्याकडे बघितलंच नाही. मी 'सांबर' म्हणताच सगळे तिच्या फोनकडे बघायला लागले. नाक खरं, सांबराचंही जुन्या चरित्रात लिहिलेलं. सापडलं की कोणीतरी 'हं' म्हणायचं आणि वड्यांकडे बघायचं.

आता बघा, थापा मारत होतो तेव्हा खुर्च्या कमी पडायच्या. खरं बोलायला लागलो तर मागच्या दोन रांगा रिकाम्या. गोष्टीचा शेवट माझ्या तोंडातून निघायच्या आधी तिच्या फोनवर पोचलेला असायचा. जेवताना निशिगंधा फार गोड आवाजात म्हणाली, काका, तुम्हालाही दगदग होत असेल, नाही का. झुंबावाली ऑगस्टनंतर मोकळीच आहे.

म्हणजे थाप सापडली तर तास जाणार, आणि नाही सापडली तरी जाणार. तो महिना मी शेजाऱ्याच्या बिनकडे बघत विचार केला, आणि एक गोष्ट ध्यानात आली. ही माणसं हँबुर्ग तपासतात, डेन्मार्क तपासतात. पण आपल्यातलं वडीलधारं माणूस स्वतःच्या घरातलं काही सांगायला लागलं की मराठी माणूस फोन खाली ठेवतो. काकांना काय, तुमच्या स्वयंपाकघराचा पुरावा दाखवा, म्हणायचं?

ऑगस्टला श्रावण होता. मी प्रेशर कुकर घेतला. पापिन नावाचा फ्रेंच डॉक्टर, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. घट्ट झाकणाच्या भांड्यात वाफ कोंडून त्याने गुराढोरांची हाडं शिजवली, आणि लंडनच्या विद्वानांना जेवायला बोलावून वाढली. हाडं चीजसारखी मऊ झाली होती. श्रावण पाळणाऱ्या बायकांनी नाकाला पदर लावले. भांडं फुटू नये म्हणून झाकणाला भोक, भोकावर वजन. वाफ फार झाली की वजन उचललं जाणार. तुमच्या शिट्टीची आजी ती.

"खरं आहे," निशिगंधा म्हणाली. गुरुदत्तने जांभई दिली.

मग मी खुर्ची जरा पुढे ओढली. आवाज खाली आणला.

म्हटलं, हे पुस्तकातलं झालं. पण ते वजन काय करतं हे मी स्वतः पाहिलंय, पुण्याच्या आमच्या ओट्यावर. कुकरमध्ये तूरडाळ होती. मला वाटलं, वजन वाढवलं तर? मी शिट्टीवर बत्ता ठेवला. सुलेखा ओरडतेय, अहो काढा तो. मी म्हटलं, शोध असेच लागतात. पाच मिनिटांत कुकर थरथरायला लागला, ओटा थरथरला, फळीवरची पातेली एकमेकांशी बोलू लागली.

बोलता बोलता बघितलं तर निशिगंधाचा फोन मांडीवर पालथा. गुरुदत्तची जांभई अर्धीच राहिलेली. पुढच्या रांगेतली माणसं खुर्चीच्या कडेवर. मला त्या क्षणी पुन्हा माणसात आल्यासारखं झालं, आणि मी हात आखडता घेतला नाही.

मी सुलेखाला दाराआड ढकललं, म्हटलं. डोक्यावर परात धरली, गुडघ्यांवर रांगत गॅसपर्यंत गेलो, आणि बटण फिरवलं. त्याच क्षणी सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि वरणाचा खांब सरळ छताला. डाग इतका गोल की त्याला कंपास लावावा. पंखा दोन दिवस हळदीचा वास मारत होता.

कोणीतरी विचारलं, काका, भीती नाही वाटली? मी म्हटलं, प्रयोग करणाऱ्याला भिऊन कसं चालेल.

टाळ्या पडल्या. तशा टाळ्या ताकालाही पडल्या नव्हत्या. मुली एकमेकींना आपापल्या आयांचे कुकर कधी उडाले ते सांगू लागल्या. गुरुदत्त उठून जवळ आला आणि म्हणाला की त्या वजनाचं गणित कसं करायचं ते सिद्धीला नीट समजावून द्याल का, तिला शाळेत पुन्हा बोलायचंय. निशिगंधानेही हसून मान डोलावली. झुंबाचं राहू दे, म्हणाली. पुढच्या महिन्यापासून हा कार्यक्रम दीड तासाचा करू.

सुलेखा हॉलच्या मागच्या बाजूला चहाचे कप मांडत होती. इतक्या वर्षांत माझ्या गोष्टीकडे तिने कान दिलेला मी पाहिला नव्हता. तिने हातातला कप खाली ठेवला.

"बत्ता मी ठेवला होता, शिट्टी सैल होती म्हणून," ती म्हणाली. "आणि गॅसही मीच बंद केला. परात यांच्याच डोक्यावर होती, ते खरं. पण हे बाथरूममध्ये आतून कडी लावून बसले होते, आणि तिथनं विचारत होते, झालं का गं?"