नामंजूरकाकांचा कम्प्युटर बंद होईना

नामंजूरकाकांनी चौतीस वर्षं लिफ्ट तपासल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द म्हणजे ‘नामंजूर’. खात्यातल्या लोकांनी तेच नाव ठेवलं, शेजाऱ्यांनी उचललं, आणि निवृत्तीनंतर तर भाजीवालासुद्धा त्यांच्यापुढे टोमॅटो मांडताना आरोपीसारखा उभा राहायला लागला. घरात मात्र काकांवर शेरा मारणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे काकू.

त्या रविवारी सकाळी काकूंनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि समोर उभं राहून बजावलं, "जावई येतायत. दोन वर्षांनी. तुम्ही दोनच शब्द बोलायचे. ‘हो’ आणि ‘वा’."

"आणि काही विचारलं तर?"

"तर ‘वा’."

दोन वर्षांपूर्वी काय झालं होतं ते सगळ्या नात्यागोत्याला पाठ होतं. लेक-जावयाने नवव्या मजल्यावर घर घेतलं आणि पन्नास माणसांना बघायला बोलावलं. काका लिफ्टमध्ये शिरले, तिसऱ्या मजल्याजवळ त्यांना एक हिसका जाणवला, त्यांनी भिंतीला कान लावला, आणि खाली उतरून खिशातलं सील काढून लिफ्टला ठोकलं. निवृत्तीला सहा महिने होते, सील खिशातच असायचं. पन्नास माणसं नऊ मजले चढली. विहीणबाई पाचव्या मजल्यावर खुर्ची टाकून बसल्या आणि त्यांनी घर ऐकीव माहितीवर बघितलं. लेक एवढंच म्हणाली, "बाबा, एक दिवस गप्प बसता आलं नाही तुम्हाला?" त्यानंतर तिचा फोन यायचा तो आईला.

आता मध्यंतरी काकांच्या कम्प्युटरवर भलत्यासलत्या जाहिराती उघडायला लागल्या होत्या. काकूंनी फोनवर सहज सांगितलं आणि जावई आपण होऊन म्हणाला, मी येऊन सुरक्षेचं सॉफ्टवेअर टाकून देतो. काकूंना त्या जाहिराती देवासारख्या वाटल्या.

जावई लेकीबरोबर आला, नीट बसला, त्याने ‘कवच’ नावाचं सॉफ्टवेअर टाकलं. टाकताना त्याने मान वर न करता विचारलं, "आधीचं काही टाकलेलं नाहीये ना, बाबा? सुरक्षेचं?"

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी डोळे वटारले.

"वा," काका म्हणाले.

जावयाला ते उत्तर जरा अपुरं वाटलं, पण उलट विचारायची छाती त्याची नव्हती. चहा झाला. जाताना लेक दारात म्हणाली, "पुढच्या रविवारी येऊ." काकूंनी दार लावल्या लावल्या त्या तारखेभोवती कॅलेंडरवर गोल काढला.

त्या संध्याकाळी काकांनी कम्प्युटर बंद करायला घेतला. पडद्यावर एक गोल फिरायला लागला आणि खाली अक्षरं आली. ‘कवच आपलं संरक्षण करत आहे. कृपया संगणक बंद करू नका.’

काका थांबले. जेवून आले. गोल फिरतच होता. दुसऱ्या दिवशी दात घासताना बघितलं, तेव्हाही फिरत होता.

"अहो, ते बटण दाबून धरा ना जरा," काकू म्हणाल्या. "शेजारच्यांचा तसाच बंद होतो."

"चालू यंत्राची वीज तोडायची नसते. चालती लिफ्ट अशी तोडली तर आतला माणूस मध्येच लटकतो."

"यात कोण माणूस आहे?"

आत जावई लटकलाय हे दोघांनाही ठाऊक होतं.

काकांनी वही काढली. ‘बिघाड : बंद होत नाही. आवाज : सतत. तापमान : वाढतं.’ सोमवारी त्यांनी माऊस बदलून बघितला, मंगळवारी प्रिंटरची तार काढली, बुधवारी पंख्याची दिशा बदलली. तपासणीचा त्यांचा नियम होता, एका दिवशी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे गुन्हेगार कोण ते कळतं. गुन्हेगार कळला नाही. एवढंच कळलं की कम्प्युटरचा डबा छान गरम राहतो. काकू त्यावर मोजे वाळवायला लागल्या आणि शेजारच्यांच्या मांजरीने आपला मुक्काम तिथे हलवला.

गुरुवारी काकांनी मदत केंद्राला फोन लावला. बावीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

"सर, तुम्ही कवच काढून परत टाका."

"ते काढता येणार नाही."

"येतं सर, मी सांगते कसं."

"तसं नव्हे. ते आमच्या जावयाने टाकलंय."

"सर, तो पर्याय आमच्या यादीत नाही," मुलगी म्हणाली. पण मग हळू आवाजात विचारलं, "नवीन जावई आहेत का?"

"जुनेच. पण आता नव्याने."

"मग राहू द्या सर," ती म्हणाली. काकांना ती खात्यात असायला हवी होती असं वाटलं.

शनिवारी त्यांनी वहीत शेरा लिहायला पेन उचललं. चौतीस वर्षांत या जागी एकच शब्द आला होता. पेन बराच वेळ हवेत राहिलं. जावयाचं पहिलंच काम, आणि त्यावर आपण तोच शब्द लिहायचा, आणि मग लेक परत दोन वर्षं आईला फोन करणार. काकांनी वही मिटली. उद्या कोणी विचारलंच तर कम्प्युटर उत्तम आहे असं सांगायचं ठरवलं आणि पडद्यावर जुना टॉवेल टाकला.

रविवारी लेक-जावई आले. काकूंनी लेकीला ओढूनच स्वयंपाकघरात नेलं. बाहेर सासरे-जावई समोरासमोर, आणि कोपऱ्यात टॉवेलखाली कम्प्युटर घरघरतोय.

"कसा चाललाय कम्प्युटर?" जावयाने विचारलं.

"उत्तम. थांबतच नाही."

"नाही म्हणजे, तो आवाज..."

"मांजर."

मांजर तेवढ्यात डब्यावरून उतरून दोघांच्या मधून शांतपणे बाहेर गेली. आवाज चालूच राहिला. जावयाचे कान लाल झाले. तो म्हणाला, जरा हात धुऊन येतो. काका म्हणाले, मी जरा गॅलरीत झाडांना पाणी घालतो.

मिनिटभराने दोघांची टक्कर टेबलाखाली झाली. काका डावीकडून शिरले होते, जावई उजवीकडून. दोघांच्या हातात एकेक स्क्रूड्रायव्हर होता.

"हात इथे धुतात का तुमच्याकडे?" काकांनी विचारलं.

"आणि तुमची झाडं, बाबा?"

मग जावयाने खिशातून फोन काढून पुढे केला. "मी त्यात माझा नंबर दिला होता. सोमवारपासून मेसेज येतायत. हा बघा. ‘आपला संगणक बंद होऊ शकत नाही.’ दिवसाला सहा. मला वाटलं, सांगितलं की तुम्ही... म्हणजे तुमचा तो शब्द."

"लिहिला नाही मी."

"नाही?"

"पेन उचललं होतं," काका म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

जावई टेबलाखालून बाहेर आला, टॉवेल काढून खुर्चीत बसला. "बाबा, एक खरं सांगाल? याआधीचं सुरक्षेचं काही आहे का यात?"

"आहे. ‘पहारेकरी’. मीच टाकलंय, दोन वर्षं झाली. कोणाला दिसू नये असं लपवून ठेवलंय."

"मी विचारलं होतं तेव्हा तुम्ही ‘वा’ म्हणालात."

"तेवढीच परवानगी होती."

जावयाने डोकं धरलं, पण तो हसत होता. "म्हणजे दोघं एकमेकांवर नजर ठेवून बसलेत. कवचला वाटतं हा चोर, पहारेकऱ्याला वाटतं तो चोर. दुसरा झोपल्याशिवाय आपण डोळा मिटायचा नाही, असं दोघांचं चाललंय. आठवडाभर."

काकांना हे बिघाडाचं वर्णन ओळखीचं वाटलं.

"दोघांतला एक काढावा लागेल," जावई म्हणाला आणि घाईने पुढे म्हणाला, "कवच काढू या. तुमचा जुना चांगलाच आहे की."

"माझा काढा."

"अहो, पण..."

"माझा काढायचा."

जावयाने बंद करायची आज्ञा रद्द केली, शोधून पहारेकरी उघडला, काढायचं बटण दाबलं. पडद्यावर चौकट आली. पासवर्ड.

काकांचा चेहरा उतरला. "तुम्ही तिकडे बघा जरा," ते म्हणाले. जावई उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. काकांनी एका बोटाने, अक्षर अक्षर हुडकत टाइप केलं. चूक. परत केलं. चूक. खाली लिहून आलं, एकच संधी उरली आहे.

काकांनी बोट कीबोर्डवरून मागे घेतलं. मग भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, "आम्ही तुमच्या घरी आलो होतो, ती तारीख कोणती? शेवटी तेरा होती का चौदा?"

"चौदा," जावई लगेच म्हणाला. मग सावकाश वळला. "ती तारीख कशाला लागली, बाबा?"

पहारेकरी जुन्या वळणाचा होता. चौकटीत अक्षरं ठिपक्यांमागे लपवायची पद्धत त्याला माहीत नव्हती. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत सरळ दिसत होतं, ‘माझंच बरोबर’, आणि त्यापुढे काकांनी आत्ताच टाइप केलेलं चौदा.

"त्याच संध्याकाळी ठेवला होता," काका म्हणाले. "घरी आल्या आल्या."

जावयाच्या मागे दारात लेक उभी होती. चहाचा ट्रे तिच्या हातात होता. तिने पडद्यावरचं वाचलं, परत वाचलं, ट्रे स्टुलावर ठेवला आणि बाहेरच्या दाराशी जाऊन चपला घालायला लागली.

"अगं, चहा," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"दोन वर्षं, आई," लेक म्हणाली. "दोन वर्षं रोज सकाळी कम्प्युटर चालू करायचे, आणि आत हे बसलेलं."

काका उठून उभे राहिले. त्यांना दोन शब्दांची परवानगी होती आणि दोन्ही निकामी होते. तेवढ्यात जावईच बोलला, जमिनीकडे बघत.

"तू त्यांना काही बोलू नकोस. आपल्या वायफायचा पासवर्ड काय आहे?"

लेकीचा हात चपलेच्या पट्ट्यावर थांबला.

"काय आहे?" काकांनी विचारलं.

"विचारू नका, बाबा."

"‘नऊमजलेपायी’," लेक म्हणाली. "कोणी पाहुणे आले की विचारतात आणि मला सांगावा लागतो. एकदा यांच्या आईनेच विचारला."

स्वयंपाकघरात काहीतरी आपटलं. काकू ओट्याला धरून हसत होत्या, पदर तोंडात कोंबून, आवाज न करता. काका मात्र हसले नाहीत. ते लेकीकडे बघत होते. दोन्हीकडचे पासवर्ड दोन वर्षं तीच एकटी वाहत होती, एक माहीत नसताना आणि एक चारचौघांत सांगत.

ते परत खुर्चीत बसले. त्यांनी पासवर्ड पुढे पाठवला. चौकटीने विचारलं, ‘काढल्यावर परत आणता येणार नाही. नक्की?’ काकांनी माऊस सरकवला. सवयीने बाण आधी ‘नाही’वर गेला, तिथे जरा रेंगाळला, मग त्यांनी तो ‘हो’वर आणून दाबला. हिरवी पट्टी भरत गेली. पहारेकरी गेला.

"आता बंद करून बघा, बाबा," जावई म्हणाला.

गोल फिरायला लागला. चौघंही बघत होते, लेक दारातून, चपला पायात. अकरा सेकंदांत पडदा काळा झाला आणि पंखा थांबला. आठवडाभरात घरात पहिल्यांदाच रस्त्यावरच्या सायकलची घंटा ऐकू आली.

"कवचलाही एक पासवर्ड ठेवावा लागेल," जावई म्हणाला. "म्हणजे कोणी काढू नये. काय ठेवायचा?"

"पुढच्या रविवारी ये आणि ठेव," काका म्हणाले. "तुला हवा तो. मला सांगू नकोस."

लेकीने एक चप्पल काढली. दुसरी काढायला तिने जरा वेळ लावला.