ओल्या दुपट्ट्याची चाचणी

डोकं उठवलं राजेहो या श्यामनं! मूळचा अकोल्याचा, अन् मे महिन्यात मले विचारते, "बाईनं डोक्याला ओलं फडकं कशाला बांधलंय?"

त्याच्या पुण्याच्या कंपनीनं कॉम्प्युटरमध्ये खोटं वावर बनवलं. खोटं ऊन, खोटी माती, खोटी माणसं, अन् उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याले ते सारं कसं दिसन, त्याची चित्रं. त्या चित्रांवरून ड्रोन माणूस ओळखायले शिकला. वावरात ऊन लागून कोणी पडलं, तर यानं हुडकायचं. लवकरच आमच्या तालुक्यात उडणार होता. खोटं वावर खऱ्याशी किती जुळते, हे तपासून सही करायचं काम माहं. अन् त्याच कंपनीत माही नोकरी कंत्राटी, ती वाढवणं श्यामच्या हातात.

तिवस्याजवळच्या वावरात चाचणीसाठी भर दुपारी पडून राहायले कोणी तयार होईना. शेवटी माही आई इंदूबाई आली. ती तशीही धसकटं वेचायले उन्हात जातेच. भिजवलेला दुपट्टा डोक्याखांद्यावर गुंडाळून ती पोत्यावर आडवी झाली.

ड्रोन वरून गेला. पडद्यावर तापलेली माती पांढरीफटक, ओल्या दुपट्ट्यानं गार दिसणारी आई म्हणजे काळा डाग, अन् बाजूले अक्षरं: ओली जमीन.

पुन्हा उडवला. पुन्हा ओली जमीन! माह्या जित्याजागत्या आईले हे मशीन चिखल म्हणून राहिलं होतं.

बांधावर माह्या बाजूले उभ्या श्यामले काही नाही त्याचं. "त्यांना दुपट्टा काढायला सांग. आमच्या चित्रांत माणसं उघड्या डोक्याची आहेत. मग जुळेल."

"श्यामभाऊ, मे महिन्यात उघड्या डोक्यानं वावरात कोण जाते हो? तुमची आई जाते का?"

"बाकी सगळं जुळतंय ना? एवढ्यासाठी अडवू नकोस, पायल. सही कर. तुझं कंत्राटही बघायचंय मला."

आईनं ऐकलं. उठून बसली अन् म्हणते कशी, "काढू का वं दुपट्टा? होऊ दे पास." गाठ सोडायलेही लागली.

असा संताप आला मले! "झाक डोकं!" मी वरडली. मंग श्यामले म्हटलं, "उद्या एखादी बाई खरंच बेशुद्ध पडली, तर तिले वरून कोण सांगन, बाई, आधी दुपट्टा सोड म्हणून?"

मी नापास लिहिलं, खाली सही ठोकली, अन् पाणी घेऊन वावरात धावली.

"गेलं का वं तुहं काम?" आईनं विचारलं.

"गेलंच समज. तू उठ पहिले उन्हातून."